थिबा राजाचा खटला चाललाच नाही

रत्नागिरीत थिबा हे नाव माहीत नसलेला माणूस सापडणं कठीण. थिबा पॉइंटला सूर्यास्त बघायला जायचं, थिबा पॅलेससमोर ग्रुप फोटो काढायचा, मुंबईचे पाहुणे आले की त्यांनाही तिथेच फिरवून आणायचं. राजाची गोष्टही आपल्याला शाळेपासून पाठ आहे. ब्रह्मदेशचा राजा होता, इंग्रजांनी त्याला पकडून इथे आणलं, तो वाड्यातून समुद्राकडे बघत बसायचा आणि एक दिवस इथेच गेला. बिचारा.

आपली गोष्ट या बिचाऱ्यापाशी संपते. पण थिबाच्या आयुष्यात कैद्यांच्या मरणाचा प्रश्न दोनदा उभा राहिला होता, हे आपल्याला कुणी सांगत नाही. पहिल्या वेळी कैदी त्याचे होते. दुसऱ्या वेळी ते त्याला गादीवरून हटवणाऱ्या इंग्रजांचे होते. दोन्ही वेळा सवाल एकच होता. जबाब कुणी द्यायचा? ज्याच्या हातात हत्यार होतं त्याने, की ज्याच्या नावाने सगळं चाललं होतं त्याने? दुसऱ्या वेळी तर या प्रश्नाने लंडनचं पार्लमेंटही गाजवलं.

सुरुवातीपासून बघू. थिबाचा जन्म १८५९ चा, मंडालेचा. वडील राजा मिंडॉन. मंडाले शहर त्यांनीच वसवलेलं. त्यांना अनेक राण्या आणि मुलं शंभराच्या आसपास, त्यामुळे या एका मुलाकडे कुणाचं फारसं लक्ष असायचं कारण नव्हतं. त्यात आई मर्जीतून उतरलेली. थिबा बौद्ध मठात वाढला, थोडे दिवस मार्क्स नावाच्या इंग्रज मिशनऱ्याच्या शाळेतही गेला. १८७७ मध्ये तो धर्मग्रंथांची अवघड परीक्षा पास झाला. म्हणजे आपल्या भाषेत स्कॉलर, अभ्यासू पोरगा. राजा होण्याच्या रांगेत तो बराच मागे होता.

पण त्या रांगेलाच काही नियम नव्हता. थोरल्या मुलाला गादी असा कायदा ब्रह्मदेशात नव्हता. १८६६ मध्ये मिंडॉनच्याच दोन मुलांनी बंड करून युवराजाला, म्हणजे आपल्या सख्ख्या काकाला, ठार केलं होतं. त्यानंतर मिंडॉनने वारस नेमायचं टाळलं आणि टाळतच राहिला. १८७८ च्या सप्टेंबरमध्ये तो अंथरुणाला खिळला तेव्हा राजवाड्यात सूत्रं हलायला लागली. सिनब्यूमाशिन नावाच्या राणीला आपल्या मुलीला पट्टराणी करायचं होतं. मंत्र्यांना ऐकणारा, मवाळ राजा हवा होता. दोघांच्या हिशेबात एकच नाव बसत होतं, मठातून आलेल्या थिबाचं. वडील भेटायला बोलावताहेत असा निरोप पाठवून बाकीच्या राजपुत्रांना राजवाड्यात आणलं आणि थेट कैदेत टाकलं. दोघे भाऊ तेवढे निसटले आणि इंग्रज रेसिडेंटच्या आश्रयाला गेले. १ ऑक्टोबरला मिंडॉन वारला आणि १९ वर्षांचा थिबा गादीवर आला. राणी सुपायालत, सिनब्यूमाशिनची मुलगी.

आता तो भाग, जो थिबा पॅलेस बघताना कुणाच्या डोक्यात नसतो. कैदेत टाकलेले राजपुत्र, त्यांच्या आया, बहिणी आणि लहान मुलंही कैदेतच होती. १८७९ च्या फेब्रुवारीत त्यांना मारून टाकण्यात आलं. आकडा सुमारे ८० सांगितला जातो. राजघराण्यातल्यांचं रक्त जमिनीवर सांडू नये असा संकेत होता, म्हणून त्यांना मखमली पोत्यांत घालून दांडक्यांनी मारलं, असं त्या काळच्या हकिगती सांगतात. किंकाळ्या ऐकू जाऊ नयेत म्हणून वाजंत्री चालू ठेवली होती, असंही त्यात आहे. तपशील थोडेफार इकडेतिकडे झाले असतील, पण हत्याकांड झालं याबद्दल वाद नाही. पुढे १८८४ मध्ये मंडालेच्या तुरुंगात आणखी एकदा कैद्यांची कत्तल झाली. कारण सांगितलं गेलं की ते पळून जायला निघाले होते.

मग हुकूम कुणाचा होता? सगळ्यात जास्त ठपका ताइंगदा मिंजी या मंत्र्यावर येतो. त्याच्या मागोमाग सासूबाई आणि सुपायालत. थिबाबद्दल नेहमी म्हटलं जातं की तो कोवळा होता, दुबळा होता, बायकोच्या मुठीत होता. सुपायालतला खलनायिका करणाऱ्या गोष्टी लिहिणारे बरेचसे इंग्रज पुरुष होते, त्यामुळे त्या जरा सांभाळूनच वाचाव्यात. पण थिबाच्या बाजूने दिलं जाणारं वयाचं कारण मला पटत नाही. तो तेव्हा २० वर्षांचा होता, म्हणजे आपल्या एसवाय-टीवायच्या मुलांएवढा. या वयात आपल्याला चांगलं कळतं की आपल्या नावावर काय चाललंय. लेक्चरला प्रॉक्सी लागते, राजाची प्रॉक्सी लागत नाही. हुकूम त्याने तोंडाने दिला नसेलही. पण कैदी त्याच्या राजवाड्यात होते, मारेकरी त्याचे नोकर होते, ही गोष्ट दिवसांमागून दिवस चालली होती आणि नंतर कुणाला शिक्षा झाली नाही. ते चारही हिशेब त्याच्याच खात्यावर जातात.

इंग्रजांनी तेव्हा निषेध नोंदवला. लंडनच्या पेपरांतून थिबा म्हणजे दारुडा राक्षस असं चित्र रंगलं. खरं तर मठात वाढलेल्या या माणसाच्या दारूच्या कहाण्यांना फारसा आधार नाही. पण सैन्य काही आलं नाही. त्या वर्षी इंग्रज अफगाणिस्तानात आणि आफ्रिकेत झुलूंशी लढण्यात गुंतले होते. १८७९ च्या शेवटी त्यांनी मंडालेतली रेसिडेन्सी बंद केली आणि विषय संपला.

सहा वर्षांनी तोच विषय पुन्हा वर आला. कारण होतं सागवान. बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मुंबईची कंपनी ब्रह्मदेशच्या जंगलात लाकूडतोड करत होती. ठरल्यापेक्षा जास्त ओंडके नेले आणि महसूल बुडवला म्हणून थिबाच्या दरबाराने १८८५ मध्ये तिला सुमारे २३ लाख रुपयांचा दंड ठोठावला. शिवाय थिबा फ्रेंचांशी बोलणी करत होता. ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी निर्वाणीचा खलिता पाठवला. आता जुन्या हत्याकांडाची आठवण सगळ्यांना व्हायला लागली. जुलमी राजाच्या तावडीतून प्रजेला सोडवायचंय, असं सांगणं लाकडाच्या दंडासाठी लढतोय असं सांगण्यापेक्षा केव्हाही सोयीचं होतं.

लढाई जेमतेम दोन आठवडे चालली. १४ नोव्हेंबरला जनरल प्रेंडरगास्टची फौज इरावती नदीतून बोटींनी निघाली, २८ ला मंडालेत पोचली. थिबाने शरणागती पत्करली. दुसऱ्याच दिवशी त्याला राण्यांसकट बैलगाडीत बसवून नदीवर नेलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोक रडत होते. तिथून आगबोटीने रंगून, रंगूनहून मद्रास. कोर्ट नाही, आरोपपत्र नाही, वकील नाही. ज्या ८० जणांच्या नावाने त्याची एवढी बदनामी केली, त्यांच्याबद्दल त्याला एकही प्रश्न कुठल्या न्यायाधीशाने विचारला नाही. पुढची ३१ वर्षं तो सरकारी कैदी म्हणून जगला आणि कायद्याच्या भाषेत त्याचा गुन्हा कधी ठरलाच नाही.

थिबा मद्रासला बसून पुढे काय होतंय याची वाट बघत होता, तेव्हा इकडे मंडालेत काय चाललं होतं? १ जानेवारी १८८६ ला ब्रह्मदेश खालसा झाल्याची घोषणा झाली. लढाई कागदावर संपली. पण थिबाचे हजारो सैनिक बंदुका घेऊन जंगलात पसरले होते आणि ठिकठिकाणी लढत होते. काही खरंच लुटारू होते, पण बरेच आपल्या राजासाठी लढणारे होते. इंग्रजांनी सगळ्यांना एकाच शब्दात बसवलं: डाकू. या शब्दाची कमाल बघा. समोरचा सैनिक असेल तर पकडल्यावर तो युद्धकैदी होतो, त्याला मारता येत नाही. डाकू म्हटलं की सरळ भिंतीला उभा करून गोळी. आपल्याकडे हे नवीन नाही. थिबाच्या हत्याकांडाच्याच महिन्यात, फेब्रुवारी १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांनी पुणे जिल्ह्यात बंड सुरू केलं होतं. सरकार दरबारी त्यांच्याही नावापुढे दरोडेखोरीच लागली. फक्त त्यांना निदान कोर्टात उभं केलं, मग एडनला पाठवलं.

मंडालेत पकडलेल्या माणसांना गोळ्या घालण्याचं काम लष्कराच्या प्रोव्हो मार्शलकडे होतं. म्हणजे लष्करी पोलिसांचा प्रमुख. हा होता कर्नल विलोबी वॉलेस हूपर, मद्रास आर्मीचा अधिकारी. फोटोग्राफीचं त्याला वेड होतं आणि त्यात तो खरोखर मोठा होता. १८७६-७८ च्या मद्रासच्या भीषण दुष्काळात हाडांचे सापळे झालेल्या माणसांचे जे फोटो आजही पुस्तकांत दिसतात, ते याचेच. त्या माणसांना रांगेत बसवून फोटो काढले, मदत काय केली, अशी टीका तेव्हाही झाली होती. मंडालेत हूपर कॅमेरा घेऊन वधस्थळी उभा राहिला. आरोप असा झाला की बंदुका रोखल्यानंतर आणि गोळी झाडायचा हुकूम देण्याआधी तो कॅमेऱ्याची तयारी होईपर्यंत थांबायचा. गोळी लागण्याचा नेमका क्षण काचेवर यावा म्हणून. तेवढा वेळ समोरचा माणूस नळ्यांकडे बघत उभा. दुसरा आरोप त्याहून गंभीर होता. एका कैद्याला असंच भिंतीला उभं करून, मारण्याची भीती घालून, दरबारातल्या एका माणसाविरुद्ध साक्ष वदवून घेतली होती.

ही बातमी बाहेर कशी आली हे मास कॉमच्या मुलांनी मुद्दाम वाचावं. लंडनच्या 'टाइम्स'चा बातमीदार मॉयलन मंडालेत होता. त्याने तार केली. हा मॉयलन काही संत नव्हता. प्रेंडरगास्टशी त्याचं आधीच बिनसलं होतं, जनरलसाहेबांनी त्याला एकदा हाकलूनही दिलं होतं आणि 'टाइम्स'ने वजन वापरून त्याला परत पाठवलं होतं. म्हणजे त्याला खुन्नस होतीच. पण बातमी खोटी नव्हती. जानेवारी १८८६ मध्ये ती छापून आली आणि लंडनमध्ये गदारोळ उठला. पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले गेले. भारतमंत्री होते लॉर्ड रँडॉल्फ चर्चिल, म्हणजे विन्स्टन चर्चिलचे वडील. ब्रह्मदेश घ्या म्हणून सगळ्यात जोर लावणाऱ्यांपैकी एक. त्यांनी तारेने व्हाइसरॉय लॉर्ड डफरिनकडे खुलासा मागितला. जुलमी राजाकडून प्रजेला सोडवलं म्हणून सांगायचं आणि आपलाच अधिकारी कैद्यांना भिंतीला उभं करून फोटो काढतोय, हे सरकारला झेपणारं नव्हतं.

चौकशी बसली. चौकशीचा सगळा भर एकाच माणसावर आणि त्याच्या कॅमेऱ्यावर होता. म्हणजे फोटो काढले का, किती काढले, हुकूम आणि गोळी यांत किती वेळ गेला. पण मूळ प्रश्न फोटोचा होता का? पकडलेल्या माणसांना विनाचौकशी मारायचं हे धोरण हूपरने ठरवलं नव्हतं. डाकू हा शब्द त्याने शोधला नव्हता. तो त्या साखळीतला शेवटून दुसरा माणूस होता. शेवटचे म्हणजे चाप ओढणारे शिपाई. वरच्या कड्यांचं काय?

तर वरच्या कड्यांचं असं झालं. हूपरवर जाहीर ताशेरे मारले आणि काही काळ त्याचा पगार कापला. संपलं. प्रेंडरगास्टने पुढे हिंदुस्थानातल्या संस्थानांत रेसिडेंटची पदं सांभाळली. चर्चिल महिन्याअखेरीला मंत्रिपदावरून गेले खरे, पण सरकार पडलं म्हणून, ब्रह्मदेशामुळे नाही. डफरिनना १८८८ मध्ये बढतीचा किताब मिळाला, मार्क्विस ऑफ डफरिन अँड आवा. आवा ही ब्रह्मदेशची जुनी राजधानी. मंडालेच्या किल्ल्यालाही नाव दिलं फोर्ट डफरिन. वादाचा धुरळा बसेपर्यंत सगळ्यांचं नीट झालं होतं.

हे वाचताना २००४ आठवतं. आपल्यापैकी बरेच जण तेव्हा रांगत होते किंवा जन्मलेच नव्हते. इराकमधल्या अबू घरेब तुरुंगातले, अमेरिकन सैनिकांनी कैद्यांना विटंबून हौसेने काढलेले फोटो जगासमोर आले. तिथेही फोटो होते म्हणूनच बोभाटा झाला. खालच्या हुद्द्याचे ११ सैनिक दोषी ठरले. तुरुंगाची जबाबदारी असलेल्या महिला ब्रिगेडिअर जनरलची पदावनती झाली. त्याच्यावर कुणीही कोर्टासमोर आलं नाही.

१८८६ मध्ये कायदाही तोकडा होता हे मान्य करायला हवं. १८६४ चा जिनिव्हा करार फक्त जखमी सैनिकांपुरता होता. युद्धकैद्यांना कसं वागवायचं याचे आंतरराष्ट्रीय नियम १८९९ आणि १९०७ मध्ये हेगला झाले. हाताखालच्यांनी केलेल्या अत्याचारांसाठी सेनापती जबाबदार, हे तत्त्व दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी जनरल यामाशितावर लागू झालं, १९४६ मध्ये त्याला फाशी झाली. पण तेव्हाही जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्याला लावलं. उलट्या दिशेने अजून फारसं कुणी लावलेलं नाही.

असो. थिबाकडे परत येऊ. १८८६ च्या एप्रिलमध्ये त्याला बोटीने रत्नागिरीला आणलं. का रत्नागिरी? कारण इथे यायला धड रस्ता नव्हता, रेल्वे नव्हती (ती यायला पुढे शंभर वर्षं लागली) आणि पावसाळ्यात बोटी बंद झाल्या की गाव जगापासून तुटायचं. कैदी ठेवायला झकास जागा. सोबत सुपायालत, धाकटी राणी आणि मुली. तिसरी मुलगी मद्रासच्या मुक्कामात झाली होती, चौथी १८८७ मध्ये इथे झाली. सुरुवातीची २४ वर्षं ते बंगल्यांत राहिले. आपण ज्याला थिबाचा वाडा म्हणतो तो १९१० मध्ये तयार झाला. म्हणजे त्यात तो सहाच वर्षं राहिला. वाडा बांधला सरकारने, पण रचनेत त्याने स्वतः लक्ष घातलं होतं.

इथल्या दिवसांबद्दल आपल्याकडे खूप दंतकथा आहेत. कागदोपत्री जे दिसतं ते जास्त साधं आहे आणि मला जास्त दुःखद वाटतं. पोलीस अधिकाऱ्याची नजर, भत्ता पुरत नाही म्हणून हिरे-माणकं विकणं, कर्ज, आणि सरकारला अर्ज. वर्षानुवर्षं अर्ज. भत्ता वाढवा, घर द्या, परत जाऊ द्या. एक माणिक होतं, न्गामौक नावाचं, राजघराण्याचं मोठं प्रसिद्ध. शरणागतीच्या वेळी ते कर्नल स्लेडनकडे सांभाळायला दिलं आणि ते गायबच झालं, असं त्याचं म्हणणं होतं. त्यासाठी तो पत्रं लिहीत राहिला. ज्याच्यावर स्वतःच्या कैद्यांच्या मरणाचा हिशेब देणं होतं, तो माणूस दुसऱ्याकडे हिशेब मागत होता, आणि मागणी रास्त होती. दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल खऱ्या आहेत.

याच काळात एक अजब अदलाबदल झाली. १९०८ मध्ये रत्नागिरीत जन्मलेल्या लोकमान्य टिळकांना राजद्रोहाची शिक्षा झाली आणि सरकारने त्यांना पाठवलं कुठे, तर मंडालेला, थिबाच्या किल्ल्यातल्या तुरुंगात. १९१४ पर्यंत रत्नागिरीचा माणूस मंडालेत कैदी आणि मंडालेचा राजा रत्नागिरीत कैदी. टिळकांना कोर्टात तासन्‌तास आपली बाजू मांडता आली. शिक्षा अन्यायाची होती, पण आरोप काय, उत्तर काय, हे सगळं नोंदलेलं आहे. त्यावर आजही वाद घालता येतो. थिबाच्या बाबतीत घालायला कागदच नाही. खटला चालला असता तर कदाचित तो दोषी ठरला असता. कदाचित मंत्री दोषी ठरले असते. मारल्या गेलेल्या ८० जणांची नावं तरी कुणीतरी मोठ्याने वाचली असती. पण खटला चालवायचा म्हणजे कैद्यांशी कसं वागायचं याचं माप जाहीरपणे टेबलावर ठेवायचं आणि हूपर प्रकरणानंतर ते माप आपल्याही अंगाला लागेल हे इंग्रजांना कळत होतं. हा माझा अंदाज आहे. पण ३१ वर्षांत एकाही व्हाइसरॉयला कोर्टाची आठवण झाली नाही, याचं दुसरं कारण मला दिसत नाही.

डिसेंबर १९१६ मध्ये थिबा गेला. वय ५७. मृतदेह मायदेशी न्यायला सरकारने परवानगी दिली नाही. ब्रह्मदेशात गडबड होईल ही भीती. त्याचं आणि आधी वारलेल्या धाकट्या राणीचं पार्थिव तसंच ठेवलं होतं, १९१९ मध्ये रत्नागिरीतच समाधीत ठेवलं गेलं. त्या वर्षी सुपायालतला रंगूनला जाऊ दिलं. मंडालेला नाही. १९२५ मध्ये ती तिथेच वारली. थोरली राजकन्या मात्र रत्नागिरीला परत आली, इथल्या एका माणसाबरोबर तिचा संसार होता. १९४७ मध्ये ती गरिबीत गेली. तिची मुलगी आयुष्यभर इथेच राहिली, मराठी बोलत.

समाधीकडे बरीच वर्षं कुणी फिरकत नव्हतं. २०१२ मध्ये म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन येऊन गेले. डिसेंबर २०१६ मध्ये थिबाच्या मृत्यूला १०० वर्षं झाली म्हणून तिथे मोठा कार्यक्रम झाला. म्यानमारचे उपाध्यक्ष आणि लष्करप्रमुख मिन आंग ह्लाइंग दोघेही रत्नागिरीत आले आणि समाधीसमोर नतमस्तक झाले. पुढच्याच वर्षी त्या लष्कराच्या कारवाईमुळे लाखो रोहिंग्या घरं सोडून बांगलादेशात पळाले. २०२१ मध्ये ह्लाइंग यांनी लष्करी उठाव करून सत्ता घेतली. आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या अभियोक्त्याने त्यांच्याविरुद्ध अटक वॉरंट मागणारा अर्ज न्यायाधीशांसमोर दाखल केला. आरोप आहे मानवतेविरुद्धच्या गुन्ह्यांचा, आणि अर्जात नाव कुठल्या कर्नलचं नाही, थेट सेनापतीचं आहे.